मुळाशी ओल किती, ते मोबाइलवर पाहा



देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन करणाऱ्यांना विहिरीचे पाणी उतरू लागले की रोज एकच प्रश्न पडतो : आज ठिबक किती वेळ चालवावे? वरची माती भुरकट दिसते म्हणून पाणी सोडावे, तर खाली चिखल असतो. मूठभर माती दाबून पाहण्याची रीत चांगलीच आहे. तिच्या जोडीला मुळाशी पुरलेला संवेदक मोबाइलवर आकडा दाखवू शकतो व तो संच घरी जुळविता येतो.

यासाठी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपवर सामावलेला लहानसा संगणक लागतो. चिपभोवती वीजपुरवठा, यूएसबीची खाच व पिना बसविलेला तयार फलक म्हणजेच डेव्हलपमेंट किट. इटलीत २००५ मध्ये सुरू झालेल्या आर्डुइनोने असे फलक विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आणले. गूगलने २०११ मध्ये अँड्रॉइड फोनच्या जोड-उपकरणांसाठी काढलेला संचही आर्डुइनो मेगावरच बेतलेला होता. त्यात फोन तारेने जोडावा लागे. २०१६ मध्ये आलेल्या ईएसपी-३२ मध्ये ब्लूटूथ व वाय-फाय अंगचेच आहे. घरात पॉलिटेक्निक शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम त्यांच्याकडे सोपवावे. प्रोग्रॅम लिहिण्याचे आर्डुइनोचे सॉफ्टवेअर मोफत मिळते.

संवेदक कपॅसिटिव्ह प्रकारचाच घ्यावा. उघड्या धातूच्या दोन पट्ट्यांचा स्वस्त संवेदक ओल्या मातीत लवकर गंजतो. संकेताची तार ३२ ते ३९ क्रमांकांपैकी उपलब्ध पिनेस जोडावी. इतर काही पिना वाय-फाय चालू असता वाचन देत नाहीत. पिनेवर ३.३ व्होल्टपेक्षा जास्त दाब देऊ नये. संवेदकाचे वरचे टोक पाण्यापासून झाकावे.

फोनवर ० ते ४०९५ मधील आकडा येतो. ओल वाढते तसा तो उतरतो, हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्याच्या शेतातील आकडे आपल्याकडे चालत नाहीत. आपल्या मातीस भरपूर पाणी द्यावे, वाफसा आल्यावर आकडा लिहून ठेवावा. पाण्याची गरज हाताला जाणवेल त्या दिवशीचाही लिहावा. या दोहोंच्या मध्ये आपले पाणी आहे. काळी माती मात्र फसवते. ती सुकताना भेगाळते, संवेदकाभोवती पोकळी होते आणि ओल असूनही कोरडे दिसते. म्हणून संवेदक ड्रिपरजवळ घट्ट दाबून बसवावा व मधूनमधून हाताने खात्री करावी.

असा आकडा दिसू लागला की पंपही यालाच जोडावा, असे वाटते. आमच्या मते ती घाई करू नये. ब्लूटूथ थोड्याच अंतरावर चालते आणि थ्री-फेज मोटारीच्या स्टार्टरशी हौशी खेळ जिवावर बेततो. दूरच्या विहिरीवरील पंप मोबाइलने सुरू-बंद करण्यासाठी पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ आहे. त्यास २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. असे उपकरण घेतले तरी ते परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावे.