मधुमेह, सायकल आणि मोकळा रस्ता

लालबागला माझा दवाखाना सुरू होऊन आता एकतीस वर्षे झाली. येणाऱ्या रुग्णांत आपल्या रायगड आणि रत्नागिरीकडची मंडळी पुष्कळ. वडील-आजोबा गिरणीत कामाला म्हणून आले आणि कुटुंब परळ-लालबागचे झाले. सुरुवातीच्या काळात या मंडळींच्या तक्रारी म्हणजे दमा, क्षय आणि कापसाच्या धुळीने जडलेला जुना खोकला. आता त्यांच्याच घरातली माणसे साखर, रक्तदाब आणि गुडघेदुखी घेऊन येतात.

कारण शोधायला लांब जायला नको. चाळीत तीन-तीन जिने दिवसातून दहा वेळा चढावे लागत. बाजार पायी होई, कामावरही बरेच जण पायीच जात. चाळीच्या जागी टॉवर आला, लिफ्ट आली आणि नकळत होणारा हा व्यायाम थांबला. जेवणातला भात मात्र तेवढाच राहिला.

असेच एक रुग्ण आमच्याकडे आहेत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मूळ गाव रोह्याकडचे. विशीत गिरणीत लागले. १९८२ च्या संपानंतर नोकरी गेली, तेव्हा सायकलवरून दुकानोदुकानी पाव-बिस्किटे पोहोचवून त्यांनी घर चालवले. दोन वर्षांपूर्वी ते तपासणीला आले तेव्हा वजन ८४ किलो, उंची पाच फूट पाच इंच आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, ८.४. ही संख्या साधारण सातच्या आसपास असावी असे आपण बहुतेक मधुमेहींना सांगतो. चालायला सांगावे तर गुडघे दुखत.

मी म्हटले, "अण्णा, सायकल काढा."

अण्णा म्हणाले, "काढतो डॉक्टर, पण चालवू कुठे? आमच्या रस्त्यावर सायकल चालवली तर साखर कमी व्हायच्या आधी मीच कमी होईन!"

हसण्यावारी न्यावे असे हे उत्तर नव्हते.

मोकळा रस्ता का हवा?

सायकलचा हृदयाला व साखरेला फायदा व्हायचा तर पाय सलग चालले पाहिजेत. दर शंभर पावलांवर सिग्नल, बस आणि हॉर्न असतील तर नाडी एका गतीला टिकतच नाही. शिवाय श्रम करताना आपण बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत घेतो. वाहनांच्या मागे सायकल चालवणारा तेवढाच जास्त धूर ओढतो. अपघाताची भीती तर आहेच. मोकळा रस्ता म्हणजे चैन नव्हे, तो या औषधाचाच भाग आहे.

औषध कसे लागू पडते तेही समजून घ्या. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता स्वतः ओढून घेतो. हा परिणाम सायकलवरून उतरल्यावरही काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. म्हणून आठवड्यातून एकदाच तीन तास चालवण्यापेक्षा, मध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त खंड न पाडता रोज थोडे चालवणे चांगले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत. मध्यम म्हणजे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत. गुडघ्यांनाही सायकल सोपी जाते, कारण अंगाचा बराच भार सीटवर असतो.

मुंबईत सराव

अण्णांचा ईसीजी, डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना तपासून घेतली आणि सराव सुरू केला. पहाटे साडेपाचला लालबागहून निघायचे, दादर पूर्वेच्या फाइव्ह गार्डनच्या झाडांखालच्या शांत रस्त्यांवर फेऱ्या मारायच्या आणि वाहने वाढायच्या आत परतायचे. रविवारी गिरगाव चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत समुद्राच्या कडेने जायचे. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि पहाटे रस्ता बराच रिकामा. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटे, मग दर आठवड्याला पाच मिनिटे जास्त. सोबतीला मीही जुनी सायकल काढली. दोन महिन्यांत अण्णा सलग तास चालवू लागले आणि विचारू लागले, "डॉक्टर, आता गावाकडे कधी?"

भाऊच्या धक्क्यावरून

लालबागहून भाऊचा धक्का चार-पाच किलोमीटर. २०२० पासून तेथून मांडव्याला रो-रो बोट जाते. मोटारींबरोबर सायकलही बोटीवर चढते आणि सुमारे तासाभरात आपण पलीकडे उतरतो. पावसाळ्यात वेळा बदलतात, म्हणून आधी चौकशी करावी.

मांडव्याच्या मुख्य रस्त्यावर शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारींची रांग असते, हे आपणा सर्वांना माहीत आहे. म्हणून आम्ही दोन नियम केले. एक, मधल्या वारी जायचे. दुसरा, आदल्या दिवशी बोटीने उतरून मुक्काम करायचा आणि उजाडताच निघायचे. सासवणे, आवास, किहीम, थळ, वरसोली असा गावांच्या आतून जाणारा रस्ता धरला की पहाटे भेटतात ती दूधवाले आणि शाळेची मुले. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यामुळे सावली भरपूर. याच किहीमला १९३० साली सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याचा प्रसिद्ध अभ्यास केला. घरटी पाहण्यासाठी पाच मिनिटे थांबले तर नाडीलाही विसावा मिळतो. मांडवा ते अलिबाग वीस-बावीस किलोमीटर आम्ही चार टप्प्यांत केले. कुलाबा किल्ल्यासमोरच्या वाळूत बसल्यावर अण्णांनी गुडघ्यावर हात ठेवून सांगितले, "दुखत नाही."

माझी चूक

दुसऱ्या खेपेला आम्ही आणखी पुढे निघालो. अलिबागहून आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा आणि खाडीपूल ओलांडून कोर्लईकडे. रेवदंड्याला न्याहारी करायची होती. अण्णा म्हणाले, "आधी कोर्लई गाठू, मग खाऊ." मीही मान हलवली. सकाळची गोळी मात्र त्यांनी नेहमीप्रमाणे घेतली होती, पोटात फक्त चहा-बिस्कीट.

पुलापुढे ते मागे पडू लागले. हाक मारली तर चिडून उत्तर दिले, तसा त्यांचा स्वभाव नाही. सायकल रस्त्याच्या मधोमध जाऊ लागली. मला वाटले ऊन लागले. जवळ जाऊन हात धरला तर तो थंड, घामाने ओला आणि थरथरत होता. तेव्हा लक्षात आले, साखर उतरली होती. माझ्या पिशवीत शहाळ्याचे पाणी होते, पण त्यात साखर बेताचीच. शेजारच्या वाडीतल्या एका वहिनींनी तांब्यात भरपूर साखर घालून पाणी आणून दिले. पंधरा-वीस मिनिटांत अण्णा नीट बोलू लागले. त्याच वेळी मागून एखादी भरधाव मोटार आली असती तर काय झाले असते, हा विचार अजून मला अस्वस्थ करतो. रस्ता मोकळा होता म्हणून निभावले.

दोष माझा होता. त्यांना ग्लिमेपिराइडची गोळी मीच लिहून दिली होती. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. त्यात स्नायूही साखर ओढत होते. प्रवासाच्या दिवशी मात्रा किती घ्यायची हे मी सांगायला हवे होते, ते राहून गेले.

हे लक्षात ठेवा

१. इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेणाऱ्यांनी लांब सायकलीआधी मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.

२. निघण्यापूर्वी साखर तपासा. १०० च्या खाली असेल तर आधी खा. २५० च्या वर असून बरे वाटत नसेल तर त्या दिवशी घरीच राहा.

३. दर तासाला एक केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू खा. खिशात साखरेची पुडी ठेवा. घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे. लगेच उतरा, तीन चहाचे चमचे साखर घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. रात्रीही साखर उतरू शकते, म्हणून त्या दिवशी जेवण चुकवू नका.

४. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत राहते. म्हणून दहाच्या आत थांबा आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी प्या. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारा.

५. सीटची उंची पाहा. सीटवर बसून खालच्या पॅडलवर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात. बैठकीला किंवा हाताच्या बोटांना बधिरपणा आला तर उतरून थोडे चाला.

६. छातीत दाब, असह्य धाप किंवा चक्कर आली तर तेथेच थांबा. "एवढा चढ संपवू" असे म्हणू नका.

अण्णांची गोळी आम्ही बदलली. वजन आता ७७ किलो आहे आणि एचबीएवनसी ७.१. साखर पूर्ण बरी झाली असे नाही, आहार आणि औषध चालूच आहे. मागच्या महिन्यात ते मुरूडपर्यंत जाऊन आले, आणि न्याहारी रेवदंड्यालाच केली.

वाचकहो, लालबागचा माणूस ज्या रस्त्यासाठी सायकल बोटीत घालून समुद्र ओलांडतो, तो रस्ता तुमच्या दारातून जातो. तरीही गावी येतो तेव्हा मी पाहतो, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा मोटारसायकल काढली जाते आणि पडवीतली सायकल गंजत असते. उद्या तिची साखळी पुसून तेल घाला, ब्रेक तपासा, हवा भरा. आणि हो, मधुमेह असेल तर निघण्याआधी पोटभर न्याहारी करा.