गोदाम इथं, रेचे तिथं

राळेगावात दिवाळीनंतर जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या लागतात. रेच्यांतून सरकी निघते, रुईच्या 170 किलोंच्या गाठी बांधल्या जातात. हंगाम सरून उलंगवाडी झाली की रेचे थंड. पण मालकाला यंत्रं घ्यावी लागतात ती भर हंगामाच्या आवकीच्या मापानं.

1979 साली स्थापन झालेल्या टेराडेटा कंपनीच्या वळणाची डेटा वेअरहाउसं अशीच होती. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात त्याची डिस्क. साठवण वाढवायची तर प्रोसेसरही विकत घ्या, मग त्याला काम असो वा नसो. यात मूर्खपणा नव्हता. नेटवर्क मंद होतं, म्हणून माल जिथं तिथंच यंत्र हवं. 2006 साली आलेल्या हडूप या प्रणालीनंही हिशेबच डेटाजवळ नेला.

गंमत अशी, त्याच वर्षी अ‍ॅमेझॉननं एस-थ्री सुरू केलं: यंत्राविना नुसतं गोदाम, भाडं ठेवलेल्या मालापुरतं. गूगलच्या ड्रेमेल या डेटा-चौकशीच्या प्रणालीनं 2009च्या सुमारास डेटा सर्व्हरच्या डिस्कवरून सामायिक साठवणीत हलवला.

2012 साली बेन्वा दाजव्हिल, तिएरी क्रुआन आणि मार्चिन झुकोव्स्की यांनी स्नोफ्लेक ही डेटा वेअरहाउसची कंपनी काढली. डेटा एस-थ्रीत आणि हिशेबाची यंत्रं त्यापासून सुटी, हवी तेव्हा चालू होणारी. तक्त्याचे छोटे तुकडे पडतात आणि प्रत्येक स्तंभातली सर्वांत लहान व मोठी किंमत वेगळी नोंदवली जाते. नोव्हेंबरची आवक विचारली की मार्चचे तुकडे उघडावेच लागत नाहीत. गाठीवरचं लेबल वाचून गाठ बाजूला सारावी, तसं. हिशेबनीस आणि विश्लेषक एकाच मालावर आपापली यंत्रं लावतात, कुणी कुणाला अडवत नाही.

फारकत पुरती मात्र झालेली नाही. एस-थ्रीची फेरी संथ, म्हणून नेहमी लागणारा डेटा यंत्राशेजारच्या डिस्कवर उतरवून ठेवतातच. जुनं शहाणपण मागच्या दारानं परत आलं म्हणायचं.

2013 साली बाजारात आलेल्या अ‍ॅमेझॉनच्या रेडशिफ्ट या डेटा वेअरहाउसमध्ये सुरुवातीला डिस्क नोडलाच, म्हणजे एकेका सर्व्हरलाच, जखडलेली होती. नोड वाढवले की डेटाची फेरवाटणी, आणि तोवर नवं काही लिहिता येत नसे. 2019च्या डिसेंबरात आलेल्या आरए-थ्री नोडनी तिथंही साठवण सुटी केली.

अ‍ॅमेझॉनचं मुंबई केंद्र 2016 साली सुरू झालं, तेव्हा गोदाम महाराष्ट्रातच आलं. यंत्रं सुटी झाल्यानं आता बिलाची तऱ्हा बदलली. स्नोफ्लेकचं सर्वांत लहान यंत्र तासाला एक क्रेडिट, म्हणजे बिलाचं एक एकक, खातं, एक्स्ट्रा लार्ज सोळा. काम संपल्यावर आपोआप बंद होण्याची सोय कुणी काढून टाकली, तर ते रात्रभर रिकामं फिरत राहतं आणि मीटरही.