कापशीचं डोकं हलत नाही!

हिवाळ्यात वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही हरभऱ्याच्या शेताकाठी सकाळी थोडा वेळ थांबा. कापशी दिसण्याची शक्यता चांगलीच आहे. पांढरंशुभ्र पोट, राखाडी पाठ, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. आकार कावळ्याहून लहान. विजेच्या तारेवरून ती उठते, शेतावर येते आणि पंख मारत हवेतच एका जागी थांबते. खाली कुठेतरी उंदीर आहे. आता तिच्या पंखांवरून नजर काढा आणि फक्त डोकं बघा. पंख झपाझप चाललेत, शेपटी क्षणात पसरतेय, क्षणात मिटतेय, वाऱ्याबरोबर अंग वरखाली होतंय. आणि डोकं? ते जागचं हलायला तयार नाही!

हा डोळ्यांचा भास असेल? मुळीच नाही. कापशीसारखाच हवेत थांबणारा दुसरा शिकारी म्हणजे खरुची. ऑस्ट्रेलियातल्या तिच्या भाऊबंदांना शास्त्रज्ञांनी वाऱ्याच्या बोगद्यात उडवलं आणि कॅमेऱ्यांनी त्यांची हालचाल मोजली. 2024 साली निकाल प्रसिद्ध झाला. वाऱ्यात स्थिर राहताना डोक्याची हालचाल भरली 5 मिलीमीटरहूनही कमी. वारा ढकलतोय, पंख दर क्षणी आकार बदलताहेत आणि डोकं गव्हाच्या एका दाण्याएवढंही सरकत नाही!

घरी कोंबडी असेल तर हा चमत्कार हातात धरून बघता येतो. तिला अलगद उचला आणि तिचं अंग हळूच पुढे-मागे, वर-खाली करा. डोकं हवेत जिथल्या तिथे राहतं. ही सोय पक्ष्यांना का लागली असावी? शिकारी पक्ष्यांचे डोळे कवटीच्या मानाने प्रचंड मोठे, आणि खोबणीत इतके घट्ट बसलेले की ते फारसे फिरवताच येत नाहीत. आपण बुबुळ फिरवतो, पक्षी मान फिरवतो. म्हणून आपल्या मानेत मणके सात, तर पक्ष्यांच्या मानेत साधारण त्याच्या दुप्पट. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून आणि डोळ्यांकडून सतत खबर येत राहते, आणि अंग जितकं हललं तितकंच मान उलट दिशेने सरकून हिशेब मिटवते.

उडत्या शिकारी पक्ष्याच्या छायाचित्राचं पहिलं गुपित हेच. फोटोत डोळा लख्ख आला की आपल्याला सगळा फोटो लख्ख वाटतो, मग पंखाचं टोक थोडं पुसट असलं तरी खपून जातं. आणि तो डोळा स्थिर ठेवण्याचं काम पक्षी स्वतःच करत असतो. छायाचित्रकाराची निम्मी मेहनत कापशीनेच वाचवलेली असते.

उरलेली निम्मी मात्र सोपी नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्याला 600 मिलीमीटरची लेन्स लावली की समोरच्या जगाचा जेमतेम साडेतीन अंशांचा तुकडा दिसतो. 30 मीटरवर त्या तुकड्याची रुंदी होते 1.8 मीटर. साध्या घारीचे पसरलेले पंखच जवळपास दीड मीटर भरतात. ती सेकंदाला 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर वेगाने समोरून आडवी गेली तर ही चौकट किती वेळात ओलांडेल? 0.18 सेकंदात! काही दिसल्यावर बोट हलवायलाच माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. म्हणजे ‘दिसली की दाबू’ असं ठरवलं, तर बटण दाबेपर्यंत चौकटीत आभाळ उरतं. म्हणून पक्षी लांब असतानाच त्याला लेन्समध्ये घ्यायचं, पाय रोवून कमरेतून त्याच्याबरोबर वळत राहायचं आणि वळता वळताच बटण दाबायचं. छायाचित्रकार याला पॅनिंग म्हणतात. नीट पाहिलंत तर ही कापशीचीच युक्ती आहे: नजर लक्ष्यावर खिळलेली, बाकीचं अंग तिच्या सेवेला.

आता वेळेचं बघू. उडत्या पक्ष्यासाठी शटर साधारण 1/3200 सेकंदावर ठेवतात. एवढ्या वेळात आपली घार पुढे सरकते फक्त 3 मिलीमीटर. आणि प्रकाश? तो तेवढ्याच वेळात सुमारे 94 किलोमीटर जातो. वाशिमहून निघालेला किरण सरळ रेषेत अकोला मागे टाकून पुढे गेलेला असेल, आणि इकडे घार अजून स्वतःच्या नखाएवढीही हललेली नसेल. उडता पक्षी ‘गोठतो’ तो एवढ्याशा वेळात तो जवळजवळ हलतच नाही म्हणून.

पण तो ‘एक क्षण’ खरोखर एकच असतो का? इथे गंमत आहे. नेहमीच्या शटरमध्ये दोन पडदे असतात. इतक्या वेगाला ते पूर्ण उघडतच नाहीत. त्यांच्यामधली एक बारीक फट सेन्सरवरून सरकत जाते. म्हणजे फोटोची एक कड आधी टिपली जाते आणि दुसरी किंचित नंतर. जुन्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये हा फरक इतका वाढायचा की सरळ पंख फोटोत वाकडा दिसे. संपूर्ण चित्र खऱ्या अर्थाने एकाच क्षणी टिपणारा ग्लोबल शटरचा फुल फ्रेम कॅमेरा सोनीने जाहीर केला तो थेट 2023 साली.

फोकसची कथा तर याहून भारी. 600 मिलीमीटरच्या लेन्सने 20 मीटरवरचा पक्षी टिपताना जगाचा फक्त 40 सेंटीमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. त्याच्या पुढचं पुसट, मागचं पुसट. शिक्रा थेट तुमच्या दिशेने झेपावला तर हा थर डोळ्यांची पापणी लवण्याआधी पार होतो. मग कॅमेरा त्याला पकडतो कसा? नाकासमोर बोट धरा आणि आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट उडी मारल्यासारखं दिसतं, आणि ते जितकं जवळ तितकी उडी मोठी. कॅमेराही लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची अशीच तुलना करतो आणि फोकस कोणत्या दिशेला, किती चुकला ते ओळखतो. एवढ्यावर तो थांबत नाही. आधीच्या मोजमापांवरून पक्षी पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधतो आणि लेन्स तिथे आधीच नेऊन ठेवतो. गेल्या काही वर्षांतले कॅमेरे तर फांद्यांच्या गर्दीतूनही पक्ष्याचा डोळा हुडकून त्यावर चिकटून राहतात. 2021 साली आलेला सोनीचा अल्फा 1 हे गणित सेकंदाला 120 वेळा करतो.

120 हा आकडा लक्षात ठेवा. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी शिकारी पक्ष्यांची नजर किती वेगवान असते ते मोजलं. 2020 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवा सेकंदाला 50 ते 60 वेळा लुकलुकला की आपल्याला तो सलग पेटलेला वाटतो. बहिरी ससाण्याला सेकंदाला 129 वेळा लुकलुकणारा दिवाही लुकलुकतानाच दिसतो! आपण ज्याला वेगाची रेघ म्हणतो, ते त्याला सुटं सुटं दिसत असणार. कॅमेऱ्यांच्या फोकसने आत्ता कुठे गाठलेला वेग त्याच्या डोळ्यात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे.

उडता पक्षी टिपण्याची ही धडपड जुनी आहे. एटिएन-ज्यूल मारे हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. पंख नेमके कसे हलतात हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. 1882 साली त्यांनी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. नळीत भिंग, मागे फिरणारी काच, आणि घोडा दाबला की सेकंदात 12 चित्रं. सिनेमा जन्मायच्या आधीची ही गोष्ट! पक्षी न मारता पक्ष्यावर नेम धरण्याची ही रीत तिथून पुढे कायमची रुजली.

आता आपल्या मातीकडे या. वाशिमची काळी माती बेसाल्टच्या खडकातून झालेली, ऊन झटकन शोषणारी. दिवस वर आला की ती तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन उचलली जाते आणि तिचा झोत तयार होतो. सापमार गरुड आणि घारी त्याच झोतात शिरून, पंख न हलवता गिरक्या घेत वर चढतात. पण छायाचित्रकाराची पंचाईतही हीच हवा करते. गरम आणि थंड हवेतून जाताना प्रकाश वेगवेगळा वाकतो, त्यामुळे दुपारी जमिनीलगतचा लांबचा पक्षी कितीही महागड्या लेन्समधून थरथरतच दिसतो. गरुडाला उचलणारी ऊब तीच, आणि फोटो बिघडवणारीही तीच. म्हणून जाणते लोक सकाळचे पहिले दोन तास सोडत नाहीत, आणि पक्षी जवळ असल्याशिवाय बटण दाबत नाहीत.

मग एवढा खटाटोप करून हाती काय लागतं? संगणकावर एक चौकट पूर्ण मोठी करा. उतरू पाहणाऱ्या घारीच्या पंखाच्या पुढच्या कडेला, मध्याजवळ, पिसांचा एक छोटा झुबका वर उचललेला दिसेल. तो तिचा अंगठा. वेग मंदावला की पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडू लागते आणि पक्षी कोसळण्याचा धोका असतो. हा झुबका उचलला की तिथल्या फटीतून हवा जोरात सुटते आणि पंखाला चिकटून राहते. विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेला उघडणाऱ्या पट्ट्या हेच काम करतात. जमिनीवरून तुम्ही हजारदा घार पाहिली असेल. हा अंगठा मात्र फोटोशिवाय सहसा दिसत नाही.

हिवाळ्यात मध्य आशियातून विदर्भाच्या माळरानांवर येणाऱ्या भोवत्या या शिकारी पक्ष्यांची ओळखही अशीच फोटोतून पटते. ते गवताला घासून, पंख इंग्रजी ‘व्ही’ सारखे उचलून जातात आणि दिसेनासे होतात. चौकटीत मात्र माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराच्या पंखावरची आडवी काळी रेघ उमटलेली असते. पांढुरक्या भोवत्याच्या नराला ती नसते. त्याच्या पंखाच्या टोकाला काळी पाचर असते. पांढुरका भोवत्या जगभरात चिंतेचा विषय झालेला पक्षी. तारीख आणि ठिकाण लिहून ठेवलेला त्याचा एक स्पष्ट फोटो म्हणजे अभ्यासकांच्या हाती आलेला पक्का पुरावा.

हे भोवते रात्री झाडावर जात नाहीत, गवतात जमिनीवर झोपतात. काळविटांसाठी राखलेलं कारंजा-सोहोळचं सुमारे 18 चौरस किलोमीटरचं अभयारण्य असो की गावामागचं गायरान, उंच गवत हेच अशा पाहुण्यांचं अंथरूण. म्हणून सांजवेळी फोटोसाठी त्या गवतात शिरू नका, झोपायला उतरलेला पक्षी उठवू नका आणि गवताळ जमिनीला कुणी ‘पडीक’ म्हटलं तर त्याला तुमचा फोटो दाखवा. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी ज्या जमिनीवर पाठ टेकतो, ती पडीक कशी असेल?