मायना आणि हुद्दा

जुन्या मराठी दफ्तरांतील पत्रे ज्यांनी चाळली असतील, त्यांच्या हे ध्यानी आले असेल की पुरुषास लिहावयाच्या पत्राचा मायना त्याच्या दर्जावरून ठरे, आणि स्त्रीस लिहावयाचा मायना मात्र प्रथम तिचा पती हयात आहे की नाही हे पाहून. सुवासिनी असेल तर ‘वज्रचूडेमंडित’, विधवा असेल तर ‘गंगाभागीरथी’. १७६७ पासून १७९५ मध्ये देहावसान होईपर्यंत महेश्वरी राहून होळकरांच्या दौलतीचा वसूल, न्यायनिवाडे आणि खजिना ज्यांनी सांभाळला, त्या अहिल्याबाईंना लोक आदराने ‘मातुश्री’ म्हणत. परंतु सुभेदारीची वस्त्रे मिळाली ती फौज घेऊन फिरणाऱ्या तुकोजींना. कारभार बाईचा, हुद्दा पुरुषाचा, अशी ती वाटणी होती. (आईची आज्ञा पाळल्याने कोणाच्या मिशीचा पीळ उतरत नाही, हेही त्या संबोधनाच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे.)

आमच्या काळात वाटणी उलटली. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अंमलात आली, पंचायतींतील एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने ते प्रमाण निम्म्यावर नेले. पाटलाची बायको ती पाटलीण, मास्तरांची ती मास्तरीण, अशी पतीच्या हुद्द्याला शेपूट जोडून तो पत्नीला देण्याची आपली जुनी रीत. पत्नीचा हुद्दा मात्र पतीकडे जाताना काहीच जोडावे लागत नाही. पारावर ‘या सरपंच, बसा’ असे स्वागत होते ते यजमानांचे, आणि जिच्या सहीवाचून ठराव पुढे सरकत नाही तिच्याकडे कोणीतरी रजिस्टर घेऊन घरी येतो व म्हणतो, ‘वहिनी, एवढी सही करा.’

‘सरपंचपती’ हा शब्द इतका रूढ झाला की २०१५ च्या पंचायतराज दिनी खुद्द पंतप्रधानांना ही प्रथा बंद करा असे सांगावे लागले. मला त्याहून ‘वहिनी’ अधिक घातक वाटते. ‘सरपंचपती’त उपहास तरी आहे, ‘वहिनी’ला हरकत कशी घ्यावी? कागद वाचल्याखेरीज सही न करणारा सरपंच खमक्या ठरतो, तेच करणारी वहिनी आगाऊ ठरते.

पदनाम बदलल्याने हे मिटेल असे मानणाऱ्यांनी २००७ आठवावे. जळगाव जिल्ह्याच्या कन्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होणार म्हणताच त्या शब्दातील ‘पती’वरून केवढा खल झाला; शब्द तोच राहिला आणि कानांना सवयही झाली. त्याच जिल्ह्यातील एका महिला सरपंचाला सरकारी जागेवरील घरात राहिल्याच्या तक्रारीवरून अपात्र ठरविण्यात आले होते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, आणि गावाचे निर्णय एक स्त्री घेते हेच तक्रारदार ग्रामस्थांना रुचले नव्हते, अशा आशयाचे निरीक्षण नोंदविले.