देवही जेथे परान्न जेवला
श्रीक्षेत्र पुरीचा आनंदबाजार

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी टाळमृदंगांचा गजर चालू असेल, आणि घरोघरी वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी व रताळ्याचा कीस यांची सिद्धता झाली असेल. आजपासून चातुर्मास लागला. कोणी कांदा-लसूण सोडील, कोणी एकभुक्त राहील, आणि काही घरांतील वडीलधारी मंडळी दरवर्षीप्रमाणे 'परान्न वर्ज्य' असा नेम धरतील. परान्न म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरचे अन्न. ज्यांनी हा नेम धरला, त्यांना उपाहारगृहाची पायरी चार महिने वर्ज्यच.

परंतु त्याच घरांतील मुले-नातवंडे सुटीच्या दिवशी बाहेर जेवायला जातात, आणि परगावच्या पदार्थांची चव हौसेने घेतात. त्यात गैर आहे असे नाही. आपल्या नित्य परिचयाच्या 'उडुपी' उपाहारगृहांचे नावसुद्धा एका कृष्णक्षेत्रावरून आलेले आहे. तरीही जुन्या पिढीच्या मनात एक प्रश्न खोल रुतलेला असतो: हे कोणी रांधले, कोणत्या भावनेने रांधले, आणि मी कोणाच्या शेजारी बसून ते ग्रहण करीत आहे?

या प्रश्नाचे एक उत्तर भारताच्या पूर्व किनाऱ्यावर, श्रीजगन्नाथाच्या पुरीत, शतकानुशतके पानावर वाढले जात आहे. आज पंढरीत विठुरायाचा सोहळा आहे, आणि आजच्याच तिथीला पुरीत गुंडिचा मंदिराहून परतलेले जगन्नाथ, बलभद्र व सुभद्रा सिंहद्वारासमोर रथावर सुवर्णालंकार लेवून भक्तांना दर्शन देतात. तेथे या दर्शनाला 'सुनाबेश' म्हणतात. दोन्ही क्षेत्रे आज एकाच तिथीने बांधली गेली आहेत; म्हणून आजच्या दिवशी पुरीच्या त्या अपूर्व भोजनाचे स्मरण करणे उचित ठरेल.

अग्निकोनातील महापाकशाला

श्रीमंदिराच्या आग्नेय दिशेस भगवंताचे स्वयंपाकघर आहे. तेथे त्याला 'रोसघर' म्हणतात. सातशेहून अधिक चुली, लाकडांचा जाळ आणि केवळ मातीची भांडी. कुंभाराकडून आलेले भांडे एकदाच चुलीवर चढते. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवे भांडे. पाणी येते ते आवारातील गंगा व यमुना नावाच्या विहिरींतून. 'सुआर' नावाचे परंपरागत सेवक येथे रांधतात. भांड्यावर भांडे रचून उतरंड मांडली जाते, आणि सर्वांत वरच्या भांड्यातील अन्न आधी शिजते, असे भाविक मोठ्या नवलाने सांगतात.

कांदा-लसूण तर नाहीच. पण बटाटा, टोमॅटो, कोबी, फुलकोबी यांनाही येथे प्रवेश नाही. परदेशांतून आलेल्या या भाज्या देवाच्या ताटात रुळल्याच नाहीत. तिखटपणासाठी मिरची नव्हे, मिरे. भात, 'कनिका' नावाचा गोड तूपभात, खिचडी, डाळ, मोहरी वाटून केलेले 'बेसर', पालेभाजी, आंबट 'खटा', खीर आणि टिकाऊ 'खाजा' असे नाना पदार्थ येथे सिद्ध होतात. छप्पन भोगांची ख्याती आपल्याकडेही आहेच. स्वयंपाक करताना कोणी चव पाहावयाची नाही. खरी रांधणारी महालक्ष्मी असून सुआर हे तिचे हात, अशी श्रद्धा आहे.

हे अन्न प्रथम जगन्नाथास अर्पण होते. नंतर आवारातील विमलादेवीस त्याचा नैवेद्य दाखविला जातो, आणि त्यानंतरच त्याला 'महाप्रसाद' ही संज्ञा प्राप्त होते. हा महाप्रसाद मग मंदिराच्या बाहेरील प्राकारात, ईशान्येकडील मोकळ्या जागेत येतो. त्या जागेचे नाव आनंदबाजार.

चूल मांडायची नसते

काही वर्षांपूर्वी, हिवाळ्याच्या आरंभी, मी आईला घेऊन पुरीस गेलो होतो. आईने आयुष्यात उपाहारगृहात पाणीसुद्धा घेतलेले नव्हते. प्रवासात तिच्याबरोबर दशम्या, मेतकूट आणि एक लहानसे पातेले असायचेच. कोणत्याही क्षेत्री गेले की शिधा घ्यावा, आपला भात आपण शिजवावा, देवाला दाखवून मग जेवावे, हा तिचा परिपाठ. पुरीतही तिने पहिला प्रश्न विचारला तो चुलीचा. आमचे पंडे वृद्ध होते. ते हसून हिंदीत म्हणाले, "माताजी, येथे जगन्नाथच यजमान आहे. यजमानाच्या घरी जाऊन कोणी वेगळी चूल मांडते का?"

आईला हे उत्तर रुचले नाही. परंतु दर्शन झाल्यावर ती आमच्याबरोबर आनंदबाजारात आली. मातीच्या कुंडांतून वाफाळता भात, डाळ, भाज्या मांडून सुआर बसलेले. गिऱ्हाइकाने थोडे हातावर घ्यावे, चाखावे आणि मग विकत घ्यावे. ज्या कुंडातून एकाने चाखले त्याच कुंडातून दुसऱ्याला वाढले जात होते. उष्टे-खरकटे हा शब्द जणू त्या प्राकाराबाहेर ठेवला होता. बसायला पाट नाही, आसन नाही. महाप्रसाद भूमीवर बसूनच घ्यावयाचा. आमच्या शेजारी एक श्रमजीवी कुटुंब होते. कोठले, कोणत्या ज्ञातीचे, कोणी विचारले नाही. त्यांतील एका पोराने सहज हात पुढे करून आईच्या केळीच्या पानावरचा भात उचलला.

मी आईकडे पाहिले. तिचा हात क्षणभर थांबला. आमच्या घरी याच कारणासाठी कितीदा पाने टाकून दिलेली मी लहानपणी पाहिली होती. मग तिने त्या मुलाच्या हातावर आणखी थोडी खीर घातली आणि उरलेल्या भाताचा घास तोंडात घेतला. नंतर त्या विषयी ती काही बोलली नाही. पातेले मात्र तसेच कोरडे परत आले.

बारा वर्षांची भूक

हा आचार कोठून आला याची कथा ओडिशातील घराघरांत वाचली जाते. सोळाव्या शतकातील संतकवी बलराम दास यांच्या 'लक्ष्मीपुराणा'त ती आहे. आपल्याकडे मार्गशीर्षातील गुरुवारी महालक्ष्मीचे व्रत करतात, तसेच तेथेही त्याच गुरुवारी लक्ष्मीची पूजा मांडून हे पुराण वाचतात. म्हणून ही कथा आपल्या सुवासिनींना परकी वाटू नये.

मार्गशीर्षातील एका गुरुवारी लक्ष्मी नगरात फिरावयास निघाली. कोणाचे अंगण सारवलेले आहे, कोठे रांगोळी आहे, हे पाहत असता तिला गावाबाहेर राहणाऱ्या श्रिया नावाच्या चांडाळ स्त्रीचे घर सर्वांत निर्मळ दिसले. लक्ष्मी त्या घरी गेली आणि तिने तिची पूजा स्वीकारली. हे पाहून थोरले बंधू बलभद्र कोपले. "ही आता मंदिरात यावयाची नाही," अशी त्यांनी आज्ञा केली, आणि धाकट्या जगन्नाथाने भावाच्या भिडेपोटी पत्नीला दाराबाहेर काढले.

लक्ष्मी गेली तशी घरातील अन्नही गेले. दोघे देव भिक्षेची झोळी घेऊन बारा वर्षे दारोदार हिंडले. परंतु कोणाच्या हातून त्यांना घास मिळेना. अखेर समुद्रतीरी एका वैभवशाली वाड्यासमोर ते येऊन उभे राहिले. घर चांडाळणीचे आहे असे कळताच बलभद्र म्हणाले, "आम्हांस कोरडा शिधा द्यावा, आम्ही आमचे शिजवून घेऊ." शिधा मिळाला. परंतु चूल काही पेटेना. धूर झाला, डोळे चुरचुरले, तांदूळ तसेच राहिले. शेवटी भुकेने व्याकूळ झालेल्या बलभद्राने सांगून पाठविले, की जे शिजलेले असेल तेच वाढा. पान वाढले गेले. पहिल्या घासातच दोघांनी ओळखले, हा हात लक्ष्मीचा. तिने परत येण्यासाठी एकच अट घातली: माझ्या प्रसादापाशी ज्ञातीचा भेद राहणार नाही; सर्वांनी एकमेकांच्या हातचे खावे.

शिधा मागणारा देव आणि पातेले बरोबर नेणारी माझी आई यांत त्या दिवशी मला फारसे अंतर दिसले नाही.

पंडिताचा घास

चैतन्यमहाप्रभूंच्या चरित्रातील एक प्रसंगही येथे आठवतो. पुरीचे प्रकांड पंडित सार्वभौम भट्टाचार्य आचारधर्माचे कडवे अभिमानी. एके पहाटे महाप्रभू स्वतः प्रसाद घेऊन त्यांच्या दारी गेले. पंडित नुकतेच उठले होते. मुखमार्जन नाही, स्नान नाही, संध्या नाही. तरीही त्यांनी तो प्रसाद तत्क्षणी मुखी घातला, आणि महाप्रभूंनी आनंदाने त्यांना आलिंगन दिले. हेच महाप्रभू दक्षिणयात्रेत आपल्या पंढरपुरासही येऊन विठ्ठलाचे दर्शन घेऊन गेले, असे 'चैतन्यचरितामृत' सांगते.

आजच्या एकादशीचेही तेथे वेगळेच आहे. आपण आज भाताला शिवणार नाही. पुरीत मात्र जगन्नाथाने एकादशीला उलटी बांधून ठेवली आहे अशी आख्यायिका असून, त्या क्षेत्री एकादशीसही अन्नाचा महाप्रसाद वर्ज्य मानीत नाहीत. हा उपवासाचा उपमर्द नव्हे. उपवास म्हणजे देवाजवळ वास, आणि जे देवाच्या मुखातून आले ते त्या वासाला बाधत नाही, एवढाच त्याचा भाव.

पंक्ती आणि दार

तथापि सत्य झाकून ठेवणे हीही भक्ती नव्हे. प्रसादाच्या पंक्तीत जो भेद मिटला, तो मंदिराच्या दाराशी दीर्घकाळ टिकून राहिला. 1934 साली महात्मा गांधी पुरीस गेले, परंतु हरिजनांस प्रवेश नाही म्हणून तेही आत गेले नाहीत. कायद्याने तो मज्जाव पुढे दूर झाला. 1955 साली विनोबाजी एका फ्रेंच भगिनीसह दाराशी गेले; तिला आत सोडीनात, तेव्हा तेही बाहेरूनच परतले. अहिंदूंना आजही तेथे प्रवेश नाही. आपणही अभिमान बाळगण्याचे कारण नाही. पंढरीचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले होते. त्याच पंढरीत 1958 साली विनोबाजी अन्यधर्मीय सहकाऱ्यांसह विठ्ठलाच्या पायांशी पोहोचले.

महाप्रसाद मात्र दारापाशी थांबत नाही. तो कुंडांतून, पुड्यांतून बाहेर जातो. प्रसादाचा भात उन्हात वाळवून लहान पुरचुंड्यांत बांधतात. त्याला तेथे 'निर्माल्य' म्हणतात. आपल्याकडे निर्माल्य म्हणजे देवावरून उतरलेली फुले. तेथे ते अन्न आहे. शुभकार्याच्या आरंभी त्याचा कण घेतात, आणि अंतकाळी तोच कण मुखी घालतात. आईने आणलेली पुरचुंडी आमच्या देवघरात गंगेच्या गडूशेजारी आहे.

दोन दिवसांनी, त्रयोदशीस, जगन्नाथ पुन्हा मंदिरात प्रवेश करतील. आपल्याला मागे ठेवून यात्रेस गेले म्हणून रुसलेली लक्ष्मी दार लावून घेईल, आणि तिला रसगुल्ला देऊन देव तिची समजूत काढतील. पौर्णिमेस पंढरीजवळ गोपाळपुरी गोपाळकाला होईल. वारकरी एकमेकांच्या मुखी काल्याचा घास घालतील, आणि मगच वारी पूर्ण झाली असे मानून घरोघर परततील. भाषा भिन्न, सागर भिन्न, पण घास तोच.

चातुर्मासात परान्न सोडणाऱ्यांनी ते अवश्य सोडावे. नेमाने मन आवरते. मात्र नेम धरताना एवढे ध्यानी असावे, की देवालाही एकदा बारा वर्षे उपाशी हिंडून, दुसऱ्याच्या दारी बसून, दुसऱ्याच्या हातचे जेवावे लागले होते. आणि त्या दिवशीच त्याच्या घरी लक्ष्मी परत आली.