डोळ्याच्या तळाचे थर

अकोला जिल्ह्याच्या दक्षिणेस, पातूर-बार्शीटाकळीकडे विहीर खणावयास घेतली म्हणजे प्रथम काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम लागतो आणि पुढे काळा पाषाण लागतो. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात हा क्रम बदलतो. तेथे मातीचा थर फार खोलवर जातो आणि पाणी लागले तरी पुष्कळ ठिकाणी ते खारे निघते. म्हणूनच त्या मुलखास खारपाणपट्टा असे नाव पडले आहे. जमिनीच्या पोटात काय आहे हे नुसते वरून पाहून कळत नाही. ते जाणावयाचे तर खणावे लागते. खणण्यात अंदाज चुकला, तर श्रम आणि पैसा वाया जातो, इतकेच.

माणसाच्या डोळ्याच्या तळाशीही असेच थर आहेत. परंतु तेथे खणण्याची सोय नाही.

डोळ्याच्या आत, मागील भिंतीवर, दृष्टिपटल नावाचा एक नाजूक पडदा पसरलेला असतो. बाहुलीतून आत शिरलेला प्रकाश या पडद्यावर पडतो आणि तेथून दृष्टिचेतेच्या वाटेने मेंदूकडे संदेश जातो. या पडद्याची जाडी किती असावी? अवघी पाव मिलिमीटरच्या आसपास! वऱ्हाडातील मुलांना कापसाचा तंतू परिचयाचा आहे. त्याची जाडी साधारणतः पंधरा मायक्रॉन असते. म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील पंधरा भाग. असे सोळा-सतरा तंतू एकावर एक रचल्यास जेवढी उंची होईल, तेवढ्या जागेत दृष्टिपटलाचे दहा थर सामावलेले असतात. पडद्याच्या मध्याजवळ पीतबिंदू नावाची जागा आहे. निरोगी डोळ्यात तिच्या मध्यभागी एक लहानसा खोलगट भाग असतो. सुईत दोरा ओवणे, पुस्तकातील अक्षरे वाचणे, दारात आलेल्या माणसाचा चेहरा ओळखणे ही सारी कामे या एवढ्याशा जागेच्या बळावर चालतात.

१८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत डोकावण्याचे एक साधे उपकरण प्रसिद्ध केले. तेव्हापासून वैद्यांना जिवंत माणसाचे दृष्टिपटल पाहता येऊ लागले. मात्र ते पाहणे धुऱ्यावर उभे राहून शेत पाहण्यासारखे होते. पृष्ठभाग दिसे, खालचे थर दिसत नसत. ते पाहावयाचे, तर मृत्यूनंतर काढलेल्या डोळ्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे लागत. त्याचा त्या रुग्णाला काय उपयोग!

आता बाळापूरकडची एक आजी अकोल्याच्या एखाद्या नेत्ररुग्णालयात आली आहे, असे समजू. तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गोधडी शिवताना तिला सुईत दोरा ओवता येईनासा झाला आहे, आणि दाराची सरळ चौकट मध्येच वाकलेली दिसते. “मले बाजूचं सारं दिसते, डॉक्टरसाहेब, पण मधातच धुकं हाय,” असे ती सांगते. मधुमेहात दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि थरांच्या मध्ये पाणी साचते. पीतबिंदूला आलेली ही सूज कधी कधी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच असते. वेळीच ध्यानात आली, तर डोळ्यात औषधाची सुई देऊन ती उतरवता येते. पण फार काळ तशीच राहिली, तर तेथील पेशी निकामी होतात आणि गेलेली नजर परत येत नाही. पाणी आहे काय, कोणत्या थरात आहे आणि किती आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर आजीची सुई-दोऱ्याची नजर अवलंबून आहे.

ही उत्तरे देणाऱ्या पद्धतीचे नाव जरा लांबलचक आहे: ऑप्टिकल कोहिअरन्स टोमोग्राफी. रुग्णालयात तिला थोडक्यात ‘ओसीटी’ म्हणतात. टोमोग्राफी या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत असून ‘काप’ असा त्याचा अर्थ आहे. शस्त्र न लावता, डोळ्याला स्पर्शही न करता, केवळ प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचा उभा काप दाखवावयाचा, असे हे कार्य आहे.

नरनाळ्याच्या डोंगरात हाक मारली असता ती समोरच्या कड्यावर आपटून परत येते. हाक परत येण्यास लागलेल्या वेळावरून कडा किती दूर आहे हे काढता येते. सोनोग्राफीचे यंत्र ध्वनीच्या अशाच प्रतिसादावर चालते. प्रकाशही दृष्टिपटलाच्या प्रत्येक थरावरून थोडाथोडा परत फिरतो. मग त्याचा वेळ का मोजू नये? कारण प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. दहा मायक्रॉन खोल जाऊन परतण्यास त्याला लागणारा वेळ म्हणजे, सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले, तर त्यांतील जेमतेम एक भाग. एवढा वेळ मोजील असे घड्याळ रुग्णालयात कोठून आणावे?

ही अडचण एका जुन्या युक्तीने सुटली. मोर्णेच्या संथ डोहात दोन खडे टाकले, तर दोन्हींची वलये एकमेकांत मिसळतात. जेथे उंचवट्यावर उंचवटा येतो तेथे लाट वाढते, आणि जेथे उंचवट्यावर खळगा येतो तेथे पाणी जणू स्थिर होते. प्रकाशाच्या लहरीही अशाच मिसळतात. साबणाच्या फुग्यावरील रंग त्यामुळेच दिसतात. ओसीटी यंत्रात एकाच प्रकाशाचे दोन भाग करतात. एक भाग डोळ्यात जातो, दुसरा ठराविक अंतरावरील आरशाकडे जातो, आणि परतल्यावर दोघांची भेट घडवून आणतात. हा प्रकाश मुद्दाम असा निवडलेला असतो की, दोघांनी अगदी सारखेच अंतर तोडले असेल तरच त्यांच्या लहरी जुळतात. काही मायक्रॉनचा फरक पडला तरी ती जुळणी मोडते. अर्थात आरशाचे अंतर ठाऊक असल्याने थराची खोली आपोआप समजते. घड्याळाचे काम येथे आरशाने केले!

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो, एरिक स्वॉन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली या पद्धतीने काढलेली पहिली चित्रे प्रसिद्ध केली. हुआंग तेव्हा विद्यार्थी होते. स्वॉन्सन हे उपग्रहाउपग्रहांतील प्रकाशसंदेशांवर काम करणारे अभियंते होते. आकाशातील हजारो किलोमीटरांसाठी घडवलेली विद्या पाव मिलिमीटरच्या पडद्यासाठी उपयोगी पडली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पहिली चित्रे शरीराबाहेर काढलेल्या ऊतकांची होती. जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाची चित्रे १९९३ मध्ये मिळाली. या तिघांना २०२३ साली लास्कर पुरस्कार देण्यात आला.

आरंभीच्या यंत्रांत आरसा पुढेमागे सरकवून एकेक खोली तपासावी लागे. त्यामुळे एका सेकंदात खोलीच्या शंभरच रेघा हाती येत. २००६ च्या सुमारास रुग्णालयांत नवी यंत्रे आली. त्यांतील आरसा स्थिर असतो. परतलेल्या प्रकाशाचे इंद्रधनुष्यासारखे पृथक्करण करून एक कॅमेरा त्याची नोंद घेतो. उथळ थरावरून आलेला प्रकाश या पट्ट्यावर विरळ तरंग उमटवतो, तर खोल थरावरून आलेला दाट तरंग उमटवतो. सर्व तरंग एकमेकांत मिसळलेले असतात. भजनात टाळ, मृदंग आणि वीणा एकाच वेळी वाजत असता जाणकार कान प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखतो. त्याप्रमाणे संगणक या गर्दीतून प्रत्येक तरंग वेगळा काढतो. फ्रेंच गणिती फूरिए यांनी उष्णतेचा अभ्यास करताना जे गणित मांडले, तेच येथे उपयोगी पडते. अशा यंत्रांत सेकंदाला वीस हजारांहून अधिक रेघा मिळू लागल्या.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कॅमेऱ्याने टिपलेला पट्टा पाहिला, तर त्यात दृष्टिपटलासारखे काहीच दिसत नाही. चित्र तयार होते ते सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांच्या मालिकेत. एका प्रचलित पद्धतीत सहा मिलिमीटर लांबीरुंदीच्या चौकोनात १२८ काप घेतात आणि प्रत्येक कापात ५१२ रेघा असतात. एकंदर ६५,५३६ रेघा आणि प्रत्येक रेघेवर १,०२४ बिंदू. म्हणजे सुमारे ६ कोटी ७१ लाख आकडे! छायाचित्र जसे समोरच्या वस्तूची थेट छबी असते, तसे हे चित्र नव्हे. ते आकड्यांवरून रचलेले असते, आणि रचनेत चूक होऊ शकते.

म्हणून यंत्रापाशी बसलेल्या तंत्रज्ञाचे काम नाजूक असते. प्रथम तो आजीचे नाव, जन्मतारीख आणि क्रमांक संगणकात नोंदवतो. हे काम कारकुनी वाटेल. पण नोंद चुकली, तर पुढच्या खेपेस आजीच्या डोळ्याची तुलना भलत्याच माणसाच्या डोळ्याशी होईल. मग तो उजवा डोळा की डावा, पीतबिंदू तपासावयाचा की दृष्टिचेतेचे मूळ, हे निवडतो. आजी हनुवटी व कपाळ टेकून बसते. पडद्यावर एकीकडे तिची बाहुली दिसते, दुसरीकडे डोळ्याचा तळ, आणि खाली दृष्टिपटलाचा हलता उभा काप. यंत्र फार जवळ आले, तर पाण्यातील प्रतिबिंबाप्रमाणे काप उलटा होऊन दुमडतो; तेव्हा ते किंचित मागे घ्यावे लागते.

“आजी, आत हिरवी फुली दिसते ना? तिच्याकडेच पाहा. एकदा पापणी मिटा, आता उघडा, आणि मी सांगेपर्यंत मिटू नका.”

पण आजीला ती फुली नीट दिसत नाही. दिसणार तरी कशी? ज्या जागेने खूण पाहावयाची, तीच जागा बिघडलेली! अशा वेळी तंत्रज्ञाला डोळ्याच्या तळाचे चित्र पाहून चौकोन स्वतः योग्य जागी न्यावा लागतो. यासाठी धीर लागतो, आणि तो यंत्राबरोबर विकत मिळत नाही.

बटण दाबल्यावर दोन-अडीच सेकंदांत काम होते. डोळ्यातून फिरणारा प्रकाश तांबड्याच्याही पलीकडचा असतो. रुग्णाला फार तर एक फिकट लाल रेघ सरकताना दिसते. तेवढ्यात पापणी लवली, तर चित्रात काळा पट्टा येतो. डोळा हलला, तर रक्तवाहिन्या मध्येच तुटून बाजूला सरकलेल्या दिसतात, जशी फाटके लुगडे जोडताना किनार चुकावी. कित्येक यंत्रे चित्राला दहापैकी गुण देतात. सहाच्या खाली गुण आले, तर ते चित्र विश्वासास पात्र समजत नाहीत. मोतीबिंदू किंवा कोरडा डोळा यांमुळेही गुण घटतात. बाहेर रुग्णांची रांग लागलेली असता सदोष चित्र तसेच जतन करून टाकण्याचा मोह होतो. संगणक त्याला हरकत घेत नाही. तो बिघडलेल्या चित्रावरूनही नीटनेटके आकडे काढून देतो, आणि यातच खरा धोका आहे.

चित्र पाहण्याचेही तसेच आहे. डॉक्टर एकच काप पाहून थांबत नाहीत. पुस्तकाची पाने उलटावीत तसे ते १२८ काप एकामागून एक चाळतात. पडद्यावर काप उभा ताणून दाखवलेला असू शकतो; त्यामुळे बारीकसा उंचवटाही टेकडीसारखा भासतो. संगणक दृष्टिपटलाच्या वरच्या व खालच्या कडेवर रेघ ओढतो आणि त्यांतील अंतरावरून जाडीचा रंगीत नकाशा काढतो: जाड भाग तांबडा, पातळ भाग निळा. हे रंग डोळ्यातले नव्हेत; ते संगणकाने भरलेले असतात. सूज अधिक असली किंवा रक्त साचले असले, तर रेघ भरकटते आणि नकाशाही चुकतो. अशा वेळी प्रत्येक काप उघडून रेघ हाताने दुरुस्त करावी लागते.

काचबिंदूच्या तपासणीत आणखी एक गंमत आहे. तेथे चेतातंतूंच्या थराची जाडी निरोगी माणसांच्या जाडीशी ताडून पाहतात आणि हिरवा, पिवळा, तांबडा असे रंग देतात. निरोगी शंभर माणसांपैकी ज्या पाचांचा थर सर्वांत पातळ असतो, त्यांच्या पातळीला पोचलेल्याला हिरवा रंग मिळत नाही. म्हणजे ठणठणीत डोळ्याच्या काही माणसांच्या कागदावरही पिवळा किंवा तांबडा रंग येणारच! जवळचे दिसते पण दूरचे दिसत नाही अशा, जाड चष्म्याच्या माणसांत तर हे नेहमी घडते. नुसत्या रंगावरून औषध सुरू केले, तर रोग नसलेल्याला रोगी ठरवल्यासारखे होईल.

आजीच्या कापात पीतबिंदूच्या खोलगट भागाऐवजी टेकडी दिसली. तिच्या पोटात काळ्या पोकळ्या होत्या; पाण्यावरून प्रकाश परत येत नाही, म्हणून पाणी काळे दिसते. रेघा जागेवर आहेत हे पाहून मग मध्यभागाची जाडी वाचली. ती ४२० मायक्रॉन भरली. डोळ्यात औषधाच्या सुया सुरू झाल्या. तीन महिन्यांनी आजी पुन्हा आली तेव्हा संगणकाने रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावरून जुनी जागा शोधली आणि नेमका तोच काप पुन्हा घेतला. जाडी ३१० मायक्रॉन होती. ११० मायक्रॉनचा फरक, म्हणजे कापसाच्या सात-आठ तंतूंइतका! आता तिला फुली दिसत होती. पापणी मात्र या खेपेसही एकदा लवली आणि चित्र दुसऱ्यांदा घ्यावे लागले. डॉक्टरांनी दोन्ही काप पडद्यावर एकाखाली एक मांडले. वरच्या चित्रात जेथे टेकडी होती, तेथे खालच्या चित्रात लहानसा खोलगट भाग पुन्हा दिसू लागला होता.