सगळाच 'केऑस' नसतो, बॉस!

फेस्टमध्ये ऐनवेळी माइक बंद पडला? 'टोटल केऑस!' परीक्षा उद्यावर आणि हॉल तिकीट मिळेना? 'फुल केऑस!' कॅन्टीनमध्ये शेवटच्या समोशावरून भांडण? तोही केऑसच. इंग्रजीत गोंधळासाठी ढीगभर शब्द असताना तुम्ही एकट्या केऑसला किती राबवणार? प्रत्येक शब्दाची आपली एक गोष्ट आहे बरं का.

'पँडेमोनियम' घ्या. संसदेत गदारोळ झाला की बातमीत हमखास दिसणारा हा शब्द कवी जॉन मिल्टनने 'पॅराडाइज लॉस्ट' (१६६७) या महाकाव्यात घडवला. कशासाठी? नरकाच्या राजधानीचं नाव म्हणून!

'बेडलम' मात्र खऱ्या जागेवरून आला. लंडनमधल्या बेथलेम या मनोरुग्णालयाचं लोकांच्या तोंडी झालेलं हे नाव. एकेकाळी तिथल्या रुग्णांना बघायला लोक चक्क मजा म्हणून जायचे. हे कळल्यावर वर्गातल्या गोंगाटाला 'बेडलम' म्हणताना जीभ अडखळते की नाही?

आता आपल्या ओळखीचा शब्द, 'अनरेस्ट'. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल याने 'इंडियन अनरेस्ट' (१९१०) या पुस्तकात लोकमान्य टिळकांना या अनरेस्टचा जनक ठरवलं. ते काही कौतुक नव्हतं. टिळकांनी थेट लंडनमध्ये त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. १९१९ मध्ये ते हरले. पण आपण मात्र शाळेत तीच पदवी अभिमानाने पाठ केली: 'भारतीय असंतोषाचे जनक'!

भाषांतरात काय बदललं बघा. 'अनरेस्ट' म्हणजे अशांतता. ती सरकारला खुपते आणि मोडून काढावीशी वाटते. 'असंतोष' लोकांच्या मनात असतो आणि त्यामागे कारण असतं. बोलणारा कुठल्या बाजूला उभा आहे, हे एका शब्दावरून कळतं.

उद्या तुमच्या कॉलेजच्या गेटवर फीवाढीविरोधात मुलं शांतपणे बसली, तर फोटोला कॅप्शन काय द्याल? 'प्रोटेस्ट' लिहिलंत तर वाचणारा विचारेल, मागणी काय आहे? 'कमोशन' लिहिलंत की मागणी गायब, उरते नुसती गडबड. आणि 'रायट' लिहिलंत तर? दंगल हा कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे शांत बसलेल्या मित्रांना तुम्ही तीन अक्षरांत आरोपी करून मोकळे!

तेव्हा पोस्ट करण्याआधी दोन सेकंद थांबा. शब्द तुमचा असला, तरी त्याचा फटका दुसऱ्याला बसतो.